ठराव सभेचा, संमति मंडळीची

एखाद्या धर्मपंथानें आपलें मत बदललें अशी वार्ता आली म्हणजे तींत बहुधा दोनच पक्षांचा उल्लेख असतो: बदल घडविणारे धर्माधिकारी आणि त्याला विरोध करणारे धर्माधिकारी. तिसरा पक्ष सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दर रविवारीं बाकावर बसून प्रार्थना करणारा, तान्ह्या मुलाला बाप्तिस्म्यासाठीं घेऊन येणारा, आईबापांना मंडळीच्या दफनभूमींत मूठमाती देणारा जो साधा सभासद, तो हा तिसरा पक्ष होय. मत बदलण्याचा ठराव सभेंत मंजूर होतो. परंतु तो अमलांत येतो या सभासदाच्या घरांत. ठराव झाला म्हणजे सभासदाची संमति मिळाली असें होतें काय, आणि ती न मिळाल्यास पुढें काय घडतें, या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठीं प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास मीं घेतला आहे. तथापि ज्या श्रोत्यांचा त्या धर्माशीं संबंध नाहीं, त्यांनींहि तो परका मानूं नये. देवस्थान असो, वाचनालय असो कीं शिक्षणसंस्था असो, पूर्वजांनीं एका हेतूनें संस्था उभारली आणि वंशजांना तो हेतु बदलावासा वाटला, कीं तेथें हाच प्रश्न उभा राहतो.

प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. इंग्रज ज्याला चर्च म्हणतात त्याला मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात. हा शब्द इमारतीचा नव्हे, माणसांचा आहे, आणि तो फार अर्थपूर्ण आहे. मार्टिन ल्यूथरनें १५१७ सालीं जर्मनींत जी धर्मसुधारणा आरंभिली, तिचीं दोन तत्त्वें येथें लक्षांत ठेवावयाचीं. एक, धर्माच्या बाबतींत अंतिम प्रमाण पवित्र शास्त्र होय. आणि दुसरें, देव आणि मनुष्य यांच्यामध्यें पुरोहित नको, प्रत्येक विश्वासणारा हाच याजक. यामुळें प्रॉटेस्टंट मंडळीचा अधिकारी सभासदाला ‘तुला यांतलें काय समजतें?’ असें म्हणूं शकत नाहीं. सभासदानें शास्त्र वाचावें हें त्याच मंडळीनें त्याला शिकविलेलें असतें. मग वाचणारा मनुष्य प्रश्न विचारणार, हें ओघानेंच आलें.

दुसरी गोष्ट पंथभेदांची. वारकऱ्यांत फड निराळे, फडांची शिस्त निराळी, परंतु पंढरी एकच. तसाच कांहींसा हा प्रकार आहे. प्रॉटेस्टंट पंथांतील भेद मुख्यतः दोन प्रश्नांवरून पडले. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा कीं जाणत्या वयांत स्वतः विश्वास प्रकट करणाऱ्यालाच द्यावा, हा एक प्रश्न. मंडळीचा कारभार कोणीं पाहावा, हा दुसरा: बिशपानें, निवडलेल्या वडिलांच्या सभेनें, कीं स्थानिक मंडळीनें स्वतःच? हे भेद युरोपांत व अमेरिकेंत उत्पन्न झाले. महाराष्ट्रांत ते आले ते मिशनरी संस्थांनीं प्रदेश आपसांत वांटून घेतल्यामुळें. नाशिककडे इंग्लंडची अँग्लिकन संस्था होती. अहमदनगर, म्हणजे सांप्रतचें अहिल्यानगर, येथें अमेरिकेंतील काँग्रिगेशनल पंथाचें अमेरिकन मराठी मिशन होतें. कोल्हापुरास अमेरिकन प्रेसबिटेरियन होते. परभणी जिल्हा त्या काळीं निजामच्या राज्यांत होता. त्याच्या एका अंगाला जालन्यास स्कॉटलंडचे प्रेसबिटेरियन होते, तर दक्षिणेस बीदरच्या बाजूला अमेरिकेचे मेथॉडिस्ट होते. म्हणजे एखादें कुटुंब कोणत्या पंथाचें, हें बहुधा आजोबांचें गांव कोणत्या जिल्ह्यांत होतें यावर ठरून गेलें. आजोबांनीं बिशप हवा कीं नको यावर वाद घालून निवड केली नव्हती. परंतु दोन पिढ्यांत तीच रीत घरची झाली, आणि घरची रीत सोडतांना माणसाला किती जड जातें हें महाराष्ट्रांत कोणाला सांगावयास नको.

आतां स्कॉटलंडची हकीकत ऐका, कारण जालन्याच्या मंडळीचें मूळ तिच्यांत आहे. स्कॉटलंडांत गांवचा पाळक नेमण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणीं जमीनदाराकडे असे. १८३४ सालीं तेथील धर्मसभेनें नियम केला कीं, गांवांतील बहुसंख्य पुरुष कुटुंबप्रमुखांनीं नापसंती दर्शविल्यास जमीनदारानें पाठविलेला पाळक नेमूं नये. स्त्रियांना त्यांत मत नव्हतें, हेंहि लक्षांत असूं द्यावें. लवकरच ऑक्टरार्डर या गांवीं प्रसंग आला. तेथें ३३० कुटुंबप्रमुखांपैकीं २८७ जणांनीं नव्या पाळकाविरुद्ध सही केली आणि त्याच्या बाजूनें अवघ्या दोघांनीं. तरीहि न्यायालयांनीं जमीनदाराचा हक्क उचलून धरला. तेव्हां १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें साडेचारशेंहून अधिक पाळक सरकारमान्य धर्मसंस्थेंतून बाहेर पडले आणि त्यांनीं ‘फ्री चर्च’ स्थापिलें. त्यांच्यामागून असंख्य सभासद गेले. वेतन गेलें, घरें गेलीं, प्रार्थनामंदिरें गेलीं. कित्येक गांवीं लोकांनीं उघड्या माळावर उपासना केली. हिंदुस्थानांत मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आणि कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ हे नव्या पक्षास मिळाले.

त्याच १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें ते फ्री चर्चचे पाळक झाले आणि त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती खेडें वसविलें. तेथें येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांनीं स्कॉटलंडचा जमीनदार कधीं पाहिला नव्हता. तथापि पाळकाच्या नेमणुकींत मंडळीचा शब्द असला पाहिजे, या तत्त्वासाठीं झालेल्या त्यागाचे ते नकळत वारस झाले.

परंतु ज्यांनीं सभासदांच्या हक्कासाठीं घरेंदारें सोडलीं, त्यांच्याच मुलांवर उलट प्रसंग आला. १९०० सालीं फ्री चर्चच्या बहुमतानें युनायटेड प्रेसबिटेरियन मंडळीशीं ऐक्य केलें. या दुसऱ्या मंडळीचें मत असें कीं, धर्मसंस्थेला सरकारचा आश्रय मुळींच नसावा. उलट फ्री चर्चच्या संस्थापकांना तो आश्रय तत्त्वतः मान्य होता. शिवाय देवानें मनुष्याची गति आधींच ठरविली आहे, या जुन्या मताचा कडकपणाहि १८९२ सालीं सौम्य करण्यांत आला होता. मूठभर पाळक आणि मुख्यतः डोंगराळ भागांतील गॅलिक भाषा बोलणारे सभासद म्हणाले, ‘मत तुम्हीं बदललें, आम्हीं नाहीं, तेव्हां खरें फ्री चर्च आम्हीच.’ ते न्यायालयांत गेले आणि १ ऑगस्ट १९०४ रोजीं ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहानें, जें तेव्हां सर्वोच्च न्यायालय होतें, निकाल त्यांच्या बाजूनें दिला. मालमत्ता ही मूळ तत्त्वांसाठीं ठेवलेली ठेव आहे. घटनेंत तत्त्वें बदलण्याचा अधिकार नसेल तर बहुमतालाहि ती ठेव उचलून नेतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. परिणाम विलक्षण झाला. जेवढीं मंदिरें व विद्यालयें सांभाळावयास पुरेशीं माणसेंहि नव्हतीं, तेवढी सारी मिळकत अल्पसंख्याकांकडे आली. अखेरीस १९०५ सालीं पार्लमेंटला कायदा करून तिची वांटणी करावी लागली.

या दोन प्रसंगांवरून एक गोष्ट उघड होते. १८४३ सालीं सभासदांचें ऐकलें नाहीं म्हणून मंडळी फुटली. १९०० सालीं थोडक्यांचें मन वळविल्यावांचून पुढें पाऊल टाकलें म्हणून ती न्यायालयांत गेली. बहुमत खरें असलें तरी उरलेल्यांचा प्रश्न सुटत नाहीं.

आपल्याकडे या बाबतींत पहिलें आठवण्याजोगें नांव पंडिता रमाबाईंचें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं कन्या मनोरमेसह अँग्लिकन मंडळींत बाप्तिस्मा घेतला. त्या धर्माधिकारी नव्हत्या, साध्या सभासद होत्या. परंतु त्रैक्याचें मत आणि तें सांगणारा अथनाशियसच्या नांवाचा विश्वासांगीकार, यांविषयीं त्यांना शंका होत्या. त्या त्यांनीं आपल्या गुरुस्थानीं असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून स्पष्टपणें कळविल्या. शास्त्रांत जें स्वतः वाचलें तें मान्य. केवळ पाळक सांगतात म्हणून नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. यावरून दोन्ही बाजूंना मनस्ताप झाला. तथापि रमाबाईंनीं ख्रिस्ताला सोडलें नाहीं आणि प्रश्न विचारणेंहि सोडलें नाहीं. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. १९२२ सालीं त्या वारल्या आणि भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. मत पटत नसेल तर मूळ ग्रंथाकडे जावें, हा धडा त्यांनीं स्वतः गिरवून दाखविला.

आतां एका कुटुंबाऐवजीं सबंध मंडळीचा विचार करूं. अहमदनगरकडील काँग्रिगेशनल मंडळीचें तत्त्व असें होतें कीं, स्थानिक मंडळी स्वतःची धनी. तिच्यावर बिशप नाहीं, वरची सभाहि नाहीं. १९२४ सालीं अशा मंडळ्या आणि प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी बनली, आणि कारभार सभांच्या उतरंडीनें चालूं लागला. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वांत आलें. त्यांत ही संयुक्त मंडळी, अँग्लिकन मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, असे सहा पंथ मिळाले. आतां बिशपहि आले. म्हणजे १९२० च्या सुमारास जन्मलेल्या मनुष्यानें, तोच बाक आणि तीच भजनें असतां, आयुष्याच्या पन्नास वर्षांत मंडळीच्या कारभाराचीं तीन निरनिराळीं तत्त्वें पाहिलीं. त्याचे वाडवडील ज्या बिशपपदाला नको म्हणत आले, त्याच बिशपाकडून त्याच्या नातवाचें दृढीकरण व्हावयाचें होतें.

हें निमूटपणें कसें घडलें, असें कोणी विचारील. तें निमूटपणें घडलें नाहीं. फार सावकाश घडलें. या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ सालीं सुरू झाल्या होत्या, म्हणजे एकेचाळीस वर्षें लागलीं. मसुदा पुनःपुन्हां सुधारला गेला आणि त्याची चौथी आवृत्ति १९६५ सालची आहे. सर्वांत बिकट प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरन यांच्या मतें तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. इतरांच्या मतें एकदां बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हां देणें हा अधर्म. यावर तोड अशी काढली कीं, दोन्ही रीती एकाच मंडळींत मान्य कराव्या. ज्या आईबापांना हवें त्यांनीं मुलाला बाप्तिस्मा द्यावा. ज्यांना नको त्यांनीं मुलासाठीं आशीर्वादाची प्रार्थना करवावी आणि बाप्तिस्मा त्यानें मोठेपणीं स्वतः घ्यावा. बिशपाच्या हातून ज्यांना दीक्षा मिळाली नव्हती अशा पाळकांचा प्रश्नहि असाच नाजूक होता. सर्वांनीं परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी आणि त्या कृतीचा नेमका अर्थ देवावर सोपवावा, असें ठरलें. तर्ककठोर मनुष्याला ही पळवाट वाटेल, आणि तशी टीका झालीहि. परंतु घरांतील मुलाचा प्रश्न आईबापांच्या विवेकावर सोपविणें ही पळवाट नव्हे. सभासदाची संमति एकदांच घेऊन न संपवितां प्रत्येक पिढीला ती नव्यानें द्यावयास लावणारी ही व्यवस्था होती.

तरीहि सर्वजण आले नाहींत. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी वाटाघाटींत शेवटपर्यंत होती. १९७० सालीं तिनें ऐक्यांत न येण्याचें ठरविलें. आज ती ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नांवानें स्वतंत्र आहे. त्यामुळें मराठवाड्याच्या आसपासचें चित्र असें झालें कीं, जालन्याकडील स्कॉटिश परंपरा संयुक्त मंडळींत गेली आणि बीदरकडील मेथॉडिस्ट परंपरा बाहेर राहिली. मराठवाड्यासाठीं संयुक्त मंडळीचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि त्याच्या शेजारीं मेथॉडिस्ट मंडळीहि नांदत आहे. दोन्हींकडे शास्त्र एकच वाचलें जातें. बाहेर राहणें म्हणजे वैर नव्हे, हें यावरून दिसतें.

वैर उत्पन्न झालें तें दुसरीकडे. ब्रेदरन पंथाचीं ठाणीं गुजराथेंत आणि आपल्याकडे डहाणूच्या परिसरांत होतीं. हा पंथ ऐक्यांत सामील झाला. परंतु गुजराथेंतील त्याच्या कांहीं सभासदांनीं पुढें तें मानलें नाहीं. आमची मंडळी अजून निराळी आहे आणि मिळकत तिचीच आहे, असें त्यांचें म्हणणें. दावे दशकानुदशकें चालले. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, हा वाद सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या मुंबई कायद्याखालीं, त्यांत नेमलेल्या अधिकाऱ्यांकडेच चालला पाहिजे. २०१३ सालीं त्याच न्यायालयानें आणखी एका प्रकरणांत निर्णय दिला: विलीन होण्याचा नुसता ठराव केल्यानें न्यासाची मिळकत दुसऱ्या संस्थेकडे जात नाहीं, त्यासाठीं कायद्यानें घालून दिलेली रीत पाळली पाहिजे. नागपुरास ऐक्याचा समारंभ होऊन तेव्हां त्रेचाळीस वर्षें लोटलीं होतीं. ज्यांनीं त्या दिवशीं आनंदानें भजनें म्हटलीं, त्यांतील कित्येकांच्या हयातींत कोणती इमारत कोणाची हें ठरलें नाहीं.

या साऱ्या इतिहासांत सभासदांनीं चार प्रकारें उत्तर दिलेलें आढळतें. कोणी बदल मनापासून स्वीकारला. कोणी आंत राहून प्रश्न विचारीत राहिले, रमाबाईंप्रमाणें. कोणी मोकळ्या हातांनीं बाहेर पडले, १८४३ च्या स्कॉटिश लोकांप्रमाणें. आणि कोणी मूळ वारसा आपलाच म्हणून न्यायालयांत गेले. या चारांपैकीं कोणताहि मार्ग मुळांतच निंद्य नाहीं. मात्र चौथ्या मार्गाचा खर्च सर्वांत मोठा. कारण त्यांत पैशाबरोबर सोयरीकहि जाते. एकाच घराचे दोन भाऊ दोन पक्षांत, आणि बापाची कबर कोणाच्या कुंपणांत, असे प्रश्न न्यायाधीशाच्या निकालानें सुटत नाहींत.

म्हणून साध्या सभासदानें तीन गोष्टी कराव्या, असें मला वाटतें. पहिली, बदल शास्त्राचा आहे, मताचा आहे, विधीचा आहे कीं कारभाराचा, हें नीट ओळखावें. बिशप आला म्हणजे धर्म बुडाला असें नव्हे. आणि विश्वासाच्या मुळावरच घाव पडत असतां ‘हा केवळ कारभाराचा प्रश्न’ म्हणून स्वस्थ बसणेंहि बरें नव्हे. दुसरी, जें बोलावयाचें तें ठरावापूर्वीं बोलावें. मसुदा घरीं आणून वाचावा, बायकामुलांसह त्याची चर्चा करावी. १८३४ च्या नियमानें ज्यांना मत दिलें नव्हतें त्या स्त्रियाच बहुतेक घरांत मुलांना प्रार्थना शिकवितात. तिसरी, आपल्या मंडळीची घटना आणि न्यासपत्र एकदां तरी पाहावें. मत बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हें भांडण लागल्यावर शोधण्यापेक्षां आधीं माहीत असलेलें चांगलें.

धर्माधिकाऱ्यांनाहि कर्तव्य आहे. जो बदल समजावून सांगतां येत नाहीं तो मंजूर करून घेऊं नये, आणि ज्यांना तो पटत नाहीं त्यांच्यासाठीं शक्य तितकी जागा आंतच ठेवावी. बाप्तिस्म्याच्या बाबतींत ती ठेवतां आली. मिळकतीच्या बाबतींत घाई झाली. दोन्हींचीं फळें आपल्यापुढें आहेत.

एक गोष्ट मात्र या सर्व फाटाफुटींत टिकून राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनचें बंधन सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठीं ‘देवाचा दरबार’ उभारला. तो दरबार त्यांच्यामागें फार काळ चालला नाहीं. पण त्यांचीं भजनें मराठी ख्रिस्ती लोक पंथ न विचारतां गातात. परभणी जिल्ह्यांतील लोकांना याचें नवल वाटूं नये. गंगाखेडच्या जनाबाईला कोणत्याहि सभेनें अधिकार दिला नव्हता. तिचे अभंग टिकले ते ते गाणाऱ्यांच्या मुखांत. मत सभा ठरविते, परंतु तें जिवंत ठेवावयाचें कीं नाहीं हें अखेरीस मंडळीच ठरविते. तिला विचारून पुढें गेलेलें बरें.